आधी डोळा, मग बोट, मग कान

सायकलची घंटी त्याला ऐकू आली नाही. झालं एवढंच. रोजच्या चौकात, रोजच्या वेळी, दिवा बघून तो रस्त्यात उतरला आणि कोपराला काहीतरी निसटतं घासून गेलं. चार हात पुढे जाऊन सायकल कचकन थांबली. वर बसलेली मुलगी, पाठीवर तिच्याहून मोठी पेटी बांधलेली, मागे वळून म्हणाली, "आजोबा, तीनदा वाजवली. कान घरी ठेवून आलात का?" आजोबा कोण ते बघायला त्यानं मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मुलीनं त्याची खात्री पटावी म्हणून चौथ्यांदा वाजवून दाखवली. तिचा अंगठा हललेला त्याला दिसला, घंटीच्या वाटीवरचं ऊन थरथरलेलं दिसलं, पण आवाज म्हणून जे काही आलं ते इतकं बारीक आणि इतकं दुरून, की पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी हातून चमचा पडला असावा. "आली ना?" ती म्हणाली. "आली, आली," तो म्हणाला. मुलगी गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती काळजीनं बोलली होती, आणि दुसऱ्याची काळजी अशी की ती करणारा दोन शब्द बोलून मोकळा होतो, ओझं मात्र ज्याची केली त्याच्या डोक्यावर दिवसभर राहतं.

अठ्ठावन्न म्हणजे काही आजोबा होण्याचं वय नव्हे, असं तो लिलावघराकडे चालता चालता स्वतःला समजावत राहिला. आणि कान तर त्याचे गावभर गाजलेले. लिलावघरात जुन्या बंदुकांची पारख करणारा तो एकटाच, तीस वर्षं तेच काम. कारागीर कोण, साल कुठलं, मूळचं काय आणि मागाहून बसवलेलं काय, बाजारात आज काय येईल, हे सगळं तो सांगायचा. आणि सगळ्यात शेवटी नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवून, तिच्या बुडाशी असलेल्या आकड्यात बोट घालून ती टांगायचा आणि लाकडी मोगरीनं हलकेच ठोकायचा. दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना आणि मधल्या पट्टीला डाख देऊन जोडलेल्या असतात. जोड शाबूत असेल तर टांगलेली जोडी घंटेसारखी वाजते आणि वाजत राहते. कुठे डाख सुटला असेल, नळीला केसाएवढा तडा असेल, तर ठक्क करते आणि गप्प बसते. कागदावर त्यासाठी एक रकानाच होता: नाद, स्वच्छ की बद्द. त्या एका शब्दावरून बंदूक काचेच्या कपाटात जाणार की कुणाच्या भिंतीवर खुंटीला, ते ठरायचं. कचेरीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. गाता येत नाही, पण ऐकण्यात हात धरणारा कुणी नाही, म्हणून सगळे कानसेन म्हणत. आणि आज कानसेनाला सायकलची घंटी ऐकू आली नव्हती.

मग चालता चालता मागचे दिवस त्याच्या मनात आपापल्या जागा बदलू लागले. गेले चार महिने बायको पुटपुटते अशी त्याची तक्रार होती. "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस," तो म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, तीस वर्षं ह्याच आवाजात बोलतेय. तेव्हा बरं गोड लागायचं." तो हसायचा. आता ते हसणं त्याला नकोसं झालं. खिडकीतल्या चिमण्या ह्या वर्षी कमी झाल्या असं तो परवाच म्हणाला होता, तेव्हा बायको खिडकीकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिली होती, काही बोलली नव्हती. किंवा बोलली असेल. पण खरी टोचणी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या महिन्यात त्यानं दोन बंदुकांच्या कागदावर बद्द लिहिलं होतं. दोन्ही दिसायला देखण्या, दोन्हींचे मालक हिरमुसून गेलेले. एक तर म्हणे कुठल्याशा खाणावळीच्या दारात टांगली. आता त्या दोन बंदुका त्याच्या दोन्ही बाजूंनी चालायला लागल्या. बद्द त्या होत्या की मी? पदपथावरून जाणाऱ्या माणसांची तोंडं हलत होती, बुटांच्या टाचा आपटत होत्या, एक शटर वर जात होतं. तो एकेक आवाज उचलून, भाजीवाल्याकडचं फळ दाबून बघावं तसा दाबून बघत होता, की हा पूर्ण आहे का, ह्याचा वरचा भाग कुणी कापून तर नाही ना ठेवला.

हे काम त्याला आत्यानं शिकवलं होतं. आत्याच्या यजमानांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता दुकान विकणार. आत्यानं आधी पाटी पुसली, मग हत्यारं पुसली, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला म्हणाली, "या, बसा, काय मोडलंय?" विशीत, दोन नोकऱ्या सोडून झाल्यावर, तो तिच्याकडे आला. पहिलं वर्षभर तिनं त्याला मोगरीला हात लावू दिला नाही. नळ्या सोडवायच्या, खिडकीशी न्यायच्या, आरपार उजेडाकडे धरून आतली कडी मोजायची, आत उजेडाची जी वर्तुळं एकात एक दिसतात ती. वर्तुळ कुठे वाकडं झालं, कुठे काळा डाग आला, ते सांगायचं. मग डोळे मिटून तोंडापासून बुडापर्यंत बोट फिरवायचं. "आधी डोळा, मग बोट, मग कान," ती म्हणायची. "कानाला घाई असते रे. त्याला शेवटी बोलवायचं. आधी बोलवलास तर तो तुला हवं ते ऐकवील, किंवा तुला भीती वाटते ते ऐकवील." आणि कारागिराचं नाव कुठे शोधायचं तेही तिनंच सांगितलं होतं. घोड्यांखालच्या पोलादी पाट्यांवर सोन्यानं कोरलेलं नाव असतं ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं. ज्यानं नळ्या घडवल्या तो खाली सही करतो, लाकडाआड, जिथे फक्त दुसरा कारागीर बघायला येणार. "वर दुकानदार, खाली देव," असं म्हणून ती हसायची, आणि तिचे पुढचे दोन दात नव्हते ते दिसायचे.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आत्या त्याला प्रार्थनाघरात घेऊन जायची. तिथे एक गृहस्थ यायचे, काटकुळे, मोठ्या कानांचे. साधीच गोष्ट सांगायला लागायचे, आईनं मुलाला शोधलं, मेंढपाळानं मेंढरू शोधलं, असली; आणि सांगता सांगता शब्द पुरेनासे झाले की गायला लागायचे. कधी सांगणं संपलं आणि कधी गाणं लागलं ते कळायचं नाही, ओलावा भिंतीत चढावा तसं ते चढायचं. गर्दीत तो पाय उंचावून बघायला लागला की आत्या त्याची बाही धरून मागे ओढायची, लाकडी खांबाशी बसवायची, म्हणायची, "पाठ लाव. पुढे बसलेल्यांना कानानं ऐकू येतं, आपण खांबानं ऐकू." आणि खरंच, गृहस्थांचा शेवटचा लांब सूर लोकांच्या कानात संपायचा, लोक उसासा सोडून हलायला लागायचे, तरी खांबात तो जरा वेळ उरलेला असायचा, पाठीच्या मणक्यांतून एकेक पायरी उतरत. त्या वेळी त्याला वाटायचं की आत्याला गुडघेदुखीमुळे खांब लागतो आणि ती उगाच काहीतरी सांगते. ती गेली त्यालाही आता बावीस वर्षं झाली.

लिलावघराच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली. उत्तरेची एक मोठी खिडकी, हिरवं कापड लावलेलं टेबल, भिंग, मोजपट्ट्या, मोगरी. तो पोचला तेव्हा टेबलाशेजारच्या खुर्चीत एक बाई ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास, पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात, बोटं पुढच्या आज्ञेची वाट बघत असल्यासारखी. टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेली लांब वस्तू. "खाली तुमच्या पहारेकऱ्यानं उघडून बघितली," त्या म्हणाल्या. "लाल चिठ्ठी बांधली. रिकामी आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, साठ वर्षं रिकामीच आहे, आमच्याकडे तिनं एक डास मारला नाही." चाळीस वर्षं त्या टायपिंग शिकवायच्या, हेही त्यांनी दुसऱ्या वाक्यात सांगून टाकलं. बंदूक वडिलांची. वडील कालव्यावर मोजणीदार होते; साहेब मायदेशी जाताना त्यांना ती भेट देऊन गेला. आता मोठा भाऊ आणि त्या, दोघंच उरलेले, आणि भावाचं म्हणणं, ही तू ठेव, बाईंचं म्हणणं, ही तू ने. "आधी कळू दे तरी, भांडतोय ते कशावरून," बाई म्हणाल्या. "चांगली निघाली तर मी त्याला देणार. वाईट निघाली तर माझ्याकडेच राहू दे. त्याला आयुष्यात वाईट वस्तू फार मिळाल्यात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्यामुळे."

त्यानं चादर उलगडली. एरवी ह्या क्षणी त्याच्या अंगातून एक ऊब जायची. दुनळी, काडतुसाची, बाहेर घोडे असलेली. सव्वाशे वर्षांची तरी. घोडे वळणदार, मासळीनं उसळी घ्यावी तसे. उघडायची कळ वर नाही, चापाखाली, म्हणजे आणखी जुनी. नळ्या पिळाच्या, लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, दांड्याभोवती गुंडाळून घडवलेल्या. वाहत्या पाण्यावर वारा आला की उठतात तशा बारीक लाटा अंगभर. पाट्यांवर सोन्यानं एका दुकानाचं नाव. हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, पण तो पाहत नव्हता. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. त्यानं कळ दाबली, बूड उघडलं, काडतुसांच्या दोन्ही रिकाम्या जागांवर नजर टाकली, पुढचं लाकूड काढलं, नळ्या सोडवल्या, आणि खिडकीकडे न जाता, बोट न फिरवता, आकड्यात तर्जनी घालून जोडी टांगली. मोगरी उचलली. घंटी परत एकदा, एवढंच त्याच्या मनात होतं. चौकातली मुलगी मागे वळून बघत होती. त्यानं ठोकलं.

ठक्क.

पुन्हा ठोकलं, जरा वर. ठक्क. जड, बुटका आवाज, ज्याला पुढे काही नाही. खिडकीबाहेर सगळं शहर तोंडं हलवत उभं होतं. तर मग हे असं होतं, त्याला वाटलं. दिवा एकदम जातो, तसं नाही. कुणीतरी घरातल्या एकेका खोलीचा दिवा मालवत येतं, आणि आपण म्हणतो, ह्या वर्षी चिमण्या कमी. त्यानं जोडी कापडावर ठेवली, कागद ओढला, लेखणी उघडली. "बद्द आहे," तो म्हणाला. स्वतःचा आवाज मात्र चांगला मोठा ऐकू आला. "डाख सुटला असावा. दिसायला सुरेख आहे, पण… भिंतीवर लावण्याइतकी." रकान्यात त्यानं ब काढला. आणि तिथे लेखणी थांबली. तीस वर्षांत त्यानं कुठल्या गिऱ्हाइकाला हे विचारलं नव्हतं, वैद्यानं रोग्याला विचारावं, की बाबा तुझी नाडी तुला कशी लागते, तसं ते. आत्या म्हणाली असती, विचार की, तोंड काय फक्त जेवायला आहे? "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"मला?" बाईंनी भुवया उंचावल्या. "गादीवर चापट मारल्यासारखं."

"म्हणजे वाजली नाही? नंतर बारीक असं काही? लांबत गेल्यासारखं?"

"काही नाही. अहो, चाळीस यंत्रांच्या खडखडाटात तिसऱ्या रांगेतल्या कुणाचं बोट चुकलं ते मला पाठमोरीला कळायचं. बारीक असतं तर ऐकलं असतं. गादीवर चापट. फार तर उशीवर."

"छान," तो म्हणाला. आत कुठेतरी एक गाठ सुटली आणि तो चक्क हसला. "फारच छान."

"छान काय त्यात?" बाई म्हणाल्या. "माझ्या बापाची बंदूक वाईट निघाली, आणि तुम्ही पेढे वाटायला निघालात."

तो ओशाळला, पण हसू काही आवरेना. मी नाही, बंदूकच बद्द आहे. तो लहान मुलासारखा मनात हे घोळवत राहिला, आणि त्या खुशीत हात आपोआप जुन्या सवयीवर आले. नळ्यांची जोडी त्यानं उचलली, खिडकीशी नेली आणि आरपार उजेडाकडे धरली. उजेड नव्हता. दुसरीत पाहिलं. तिथेही नाही. त्यानं नळ्या उलट्या करून तोंडाकडून पाहिलं, मग परत बुडाकडून. दोन्ही नळ्यांत मध्यावर अंधार बसलेला, घट्ट, काठाला काठ लावून. खिडकीतला उत्तरेचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्याला आत्याचे ते दोन नसलेले दात दिसत होते. आधी डोळा, मग बोट, मग कान. कानाला घाई असते रे. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं कानाला आधी बोलावलं होतं, आणि कानानं त्याला ज्याची भीती वाटत होती तेच इमानानं ऐकवलं होतं. "बाई," तो वळून म्हणाला, "हिच्या पोटात बोळे आहेत."

लांब लाकडी काठी लावून त्यानं हलकेच रेटलं. बराच वेळ काही हललं नाही, मग आत काहीतरी उसासल्यासारखं झालं आणि पहिला बोळा सरकत सरकत हिरव्या कापडावर पडला. मग दुसरा. तेल आणि मेण पिऊन दोन्ही खापरासारखे झालेले, वरून काळे. त्यानं एक बोळा बोटांनी सोडवायला घेतला. पट्टी उलगडत गेली, आणि आत आत काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा मातकट झाला, आणि अगदी पोटातून लिंबासारखा पिवळा रंग बाहेर आला, त्यावर पांढरे ठिपके. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "हा माझा फ्रॉक आहे." त्यांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "दोन्ही बाह्या आणि खालची झालर. सातव्या वाढदिवसाचा. बाहेर वाळत घातलेला, संध्याकाळी बघते तर बिनबाह्यांचा. मी आईला सांगितलं, दादानं पतंगाच्या शेपटीला कापला. मी पाहिलं होतं का? नव्हतं. पण त्याच्या हातात पतंग होता ना. आईनं त्याला इतकं बदडलं. आणि बाबा," बाई थांबल्या, "बाबा शेजारी उभे होते. गप्प." मग त्या एकदम हसायला लागल्या, तोंडावर हात धरून, वर्गात हसू नये तशा. "भित्रा होता हो माझा बाप. साहेबानं बंदूक दिली, नाही कसं म्हणणार? घरात दोन पोरं. रात्रभर झोपला नसणार. सकाळी हाताला येईल ते घेऊन हिची तोंडं बंद केली. आणि मग बायकोला काय सांगायचं, की मला बंदुकीची भीती वाटते?"

भावाला फोन त्यांनी तिथूनच लावला. पिवळी पट्टी एका हातात आणि फोन दुसऱ्या. फोनवरचा आवाज इतका खणखणीत होता की टेबलापलीकडे त्यालाही प्रत्येक शब्द आला.

"दादा, ऐक. माझा पिवळा फ्रॉक आठवतो?"

"न आठवायला काय झालं? माझ्या पाठीला विचार."

"तो तू कापला नव्हतास."

"हे मी तेव्हापासून सांगतोय. आज कुणी साक्षीदार मिळाला वाटतं?"

"बाबांनी कापला. बंदुकीत कोंबला. आता माझ्या हातात आहे."

पलीकडे म्हातारा इतका हसला की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. "म्हणजे बाबा दर रविवारी बंदूक घेऊन बसायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत, ते हे होय. आणि मग संध्याकाळी मला एकट्याला फिरायला न्यायचे, जिलेटिनच्या कागदातली गोड गोळी घेऊन द्यायचे. मला वाटायचं, मी लाडका."

"मी माफी मागतेय, दादा."

"मागू नकोस. मागितलीस तर त्या सगळ्या गोळ्या परत कराव्या लागतील."

ते दोघं बोलत होते तोवर त्यानं नळ्या आतून पुसून घेतल्या, आणि पुसता पुसता मघाची खुशी त्याच्या हातून निसटायला लागली. कारण आता त्याला कळलं होतं. ठक्क तर कुणालाही ऐकू येतं. गादीवरची चापट ऐकू आली म्हणजे कान शाबूत, असं थोडंच? परीक्षा झालेलीच नव्हती. परीक्षा आता होती. त्यानं घाई केली नाही. खिडकीशी उभं राहून आरपार पाहिलं: मेणानं राखलेल्या दोन्ही नळ्या आरशासारख्या, वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ, थेट आभाळापर्यंत; बोळा बसला होता तिथे एका नळीत तिळाएवढा चट्टा, बाकी काही नाही. मग डोळे मिटून बोट फिरवलं. तोंडाची कड सारखी, मधली पट्टी दोन्हीकडून घट्ट, कुठे नख अडकत नाही. कोरलेला क्रमांक तीन ठिकाणी एकच, नळ्यांवर, लाकडावर, चापाच्या पट्टीवर. म्हणजे जन्मापासूनची जोडी. आणि नळ्यांच्या खाली, लाकूड झाकतं त्या सपाट जागेवर, जादा दारू भरून केलेल्या चाचणीच्या शिक्क्यांशेजारी, बोटाला आधी लागली आणि मग भिंगात दिसली एक चंद्रकोर आणि दोन अक्षरं. ही खूण आत्यानं त्याला एकदाच दाखवली होती, कागदावर काढून. म्हणाली होती, हा माणूस वर्षाला दहा जोड्या घडवायचा, भेटली तर माझी आठवण काढ. दुकानदाराचं सोन्याचं नाव वर चमकत होतं आणि हा खाली सव्वाशे वर्षं अंधारात सही करून बसला होता.

बाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले. "आता वाजवा," त्या म्हणाल्या. त्यानं मोगरी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "बाई, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "आज सकाळी मला सायकलची घंटी ऐकू आली नाही. मला वाटतं, बरेच दिवस बरंच काही ऐकू आलं नसावं. गेल्या महिन्यात दोन बंदुकांना मी बद्द म्हटलं. त्या परत मागवून बघणार आहे. आधी डोळ्यानं. पण ही…" हे तो बायकोला सांगायच्या आधी एका परक्या बाईला सांगत होता, आणि सांगताना वाटत होतं तितकं काही जड गेलं नाही. बाईंनी त्याच्याकडे, वर्गात बोट चुकलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. "त्यात काय एवढं. माझे कान रिकामेच असतात आताशा. तुम्ही ठोका, मी ऐकते. त्या दोघींना मागवलंत की मला कळवा, मी येईन. घरी काय, घड्याळ तेवढं वाजतं." आणि पिशवी खाली ठेवून त्या उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, प्रार्थनेला उभं राहावं तशा.

त्यानं आकड्यात तर्जनी घातली. टांगलेल्या नळ्या जराशा फिरल्या आणि स्थिर झाल्या. पिळाच्या लाटांवर उत्तरेचा उजेड हलला. त्यानं डोळे मिटले आणि ठोकलं.

आधी आलं ते कानाला. हो, आलं. पूर्वी यायचं तेवढं नाही. झाडाचा शेंडा धुक्यात जावा तसा वरचा बारीक भाग कुठे दिसत नव्हता, पण खोड होतं, फांद्या होत्या, एक भरलेला, गोल, सोनेरी आवाज खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन भिंतीला हात लावून परत येत होता. त्याच्या पापण्यांआड पाणी आलं. मग आवाज कानात बारीक होत गेला, आणि तो गेला म्हणावा, तेव्हा त्याला कळलं की तो गेलेला नाही. तर्जनीत होता. तर्जनीतून मनगटात उतरला होता, सकाळी सायकल घासून गेली त्या कोपरात, खांद्यात, तिथून मणक्यात, एकेक पायरी. मागे लाकडी खांब होता. काटकुळे गृहस्थ डोळे मिटून उभे होते, पुढे बसलेले लोक उसासे सोडत हलायला लागले होते, आणि आत्यानं त्याची बाही अजून सोडली नव्हती. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे, आत्या. आता कळलं.

"सुरेख," बाई अगदी हळू म्हणाल्या, आणि हे हळू बोलणं त्याला नीट ऐकू आलं. "स्वच्छ लिहा. दादालाच जाणार ही." मग मान तिरकी करून त्यांनी जरा वेळ कान दिला, चाळीस यंत्रांतलं एक ऐकणारा कान. "थांबला."

त्यानं डोळे उघडले नाहीत. फक्त मान हलवली.

"नाही, अजून आहे," तो म्हणाला. "उभ्या राहा जरा. संपला की सांगतो."